मिरगाआधीचा मध

मला घरी जायचं होतं. सुट्टीवर नव्हे, कायमचं. एवढं एकच मागणं, आणि ते दोन पेट्या मधमाश्यांपाशी येऊन अडकलं. ह्याला माझं नशीब म्हणा नाहीतर माझं तोंड म्हणा. मी तोंडच म्हणतो.

मी पुंडलिक. गाव सावंतवाडीच्या पुढे, आंबोलीच्या पायथ्याला. कुवेतमध्ये एकोणीस वर्षं एकाच घरात माळीकाम केलं. घर रिग्गईत, दोन मजली, पुढे गाड्या आणि मागे कंपाउंडच्या आत भाजीचा मळा. घरधनिणीचं नाव मुनिरा. इथे घरातल्या बाईला कामाची माणसं मामा म्हणतात. हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा माझी बायको, नर्मदा, म्हणाली, "मामाक लुगडा कोणी नेसयला?" आणि अर्धा तास हसत होती. तेव्हा ती हसायची.

मळा खरं तर मामाच्या नवऱ्याचा. त्यांना आम्ही बाबा म्हणायचो. बाबांना मातीची भारी हौस. वाळवंटात टोमॅटो पिकवून शेजाऱ्यांना वाटायचे. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मामा रोज सकाळी मळ्यात खुर्ची टाकून बसते, चहा पिते, आणि मी वाफे भिजवतो. आमची भाषा म्हणजे मोडकी अरबी, मोडकी हिंदी, आणि उरलेलं हातवारे. अरबीत 'प' नाही, म्हणून मी बुंदलीक. एकोणीस वर्षांत मीही स्वतःला कधीकधी बुंदलीकच म्हणायला लागलो होतो.

गेल्या डिसेंबरात मी मनाचा हिय्या केला. गुडघे संपले होते. खाली बसलो की उठायला नळाचा आधार लागायचा. म्हटलं, "मामा, बस झालं. ह्या वर्षी मी घरी जातो. खलास."

ती कूसाच्या रोपांकडे बघत होती. कूसा म्हणजे हातभर झुडुपाला लागणारी, दुधीच्या जातीची छोटी भाजी. ह्या लोकांचा जीव की प्राण. त्या साली फुलं नुसती येत होती आणि गळत होती, फळ धरत नव्हतं. मी सकाळी ब्रश घेऊन ह्या फुलाची पावडर त्या फुलाला लावत फिरायचो. साठीला आलेला माणूस, फुलांची लग्नं लावतोय.

"बुंदलीक," मामा म्हणाली, "लोक घरी माश्या पाळतात. मी फोनवर बघितलं. माश्या असल्या तर कूसा धरतो. तुला माश्यांचं काही कळतं?"

इथे मी गप्प बसायचं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. मी छाती पुढे काढून सांगितलं, "माझ्या बापाकडे सहा पेट्या होत्या." खोटं नव्हतं ते. सहा होत्या. मी त्यात काय करायचो, तर शेणीचा धूर धरून उभा राहायचो आणि बाप शिव्या घालायचा.

मामाचे डोळे लकाकले. म्हणाली, "मग एवढं करून जा. आपल्या मळ्यातला मध टेबलावर आला की तू तो बरोबर घे आणि जा. तुझे जायचे कागद मी स्वतः करते."

मी हे मनात पक्कं लिहून ठेवलं. मध आला की सुटका. तिने किती जोर देऊन म्हटलं होतं, हसून म्हटलं होतं की गंभीरपणे, काही बघितलं नाही.

माश्या फेब्रुवारीत आल्या. विमानानं, मिसर देशातून, जाळी लावलेल्या खोक्यांतून. दुकानदार दोन रिकाम्या लाकडी पेट्याही देऊन गेला. मी पेट्या बोरीच्या झाडाखाली मांडल्या, तोंड पूर्वेला, कारण बाप पूर्वेलाच ठेवायचा. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. मग खोकं उघडून माश्या पेटीत झटकल्या. पहिलीच माशी चावली ती डोळ्याखाली. मामा दारातून बघत होती, डोक्यावर जाळी आणि वर स्वयंपाकघरातला टॉवेल गुंडाळून. माझं तोंड सुजून टम्म झालं तेव्हा तिने दह्याची वाटी आणून दिली आणि विचारलं, "तुझ्या बापाला पण अशाच चावायच्या?"

"बापाला नाही चावायच्या," मी म्हटलं. "त्यांना माणूस कळतो."

आधी पाणी, खत, छाटणी, पडलेली पानं उचलणं, वर आता ही राणी माशी कुठे आहे ते शोधणं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. पण खोटं कशाला बोलू, पंधरा दिवसांत कूसा धरला. जरजीरची भाजी मुद्दाम फुलावर सोडली होती, रेहान, म्हणजे इथली तुळस, फुलली होती, आणि त्यावर सकाळपासून माश्यांची घाई. मामा खुर्ची रोज थोडी थोडी पेट्यांच्या जवळ सरकवत गेली. एके सकाळी बघतो तर ती माश्यांशी अरबीत बोलतेय. बाबांच्या काहीतरी गोष्टी. मी पाइप घेऊन लांब गेलो. माणसाला कुठेतरी बोलायला लागतंच.

नर्मदेला मी सांगितलं, "माश्या पाळतंय. मे महिन्यापर्यंत थांबाचा लागतला."

ती म्हणाली, "घर झाला. चेडवाचा लगीन झाला. आता माश्यांचो संसार मांडतंस?" आणि फोन ठेवला. ह्या वेळी कायमचा येणार आहे हे मी तिला सांगितलंच नव्हतं. आधी तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा गेलो नव्हतो. चौथ्यांदा कुठल्या तोंडानं सांगणार? म्हटलं, तिकीट हातात येऊ दे.

मे उजाडला. दुपारी पाइपातून उकळतं पाणी येऊ लागलं. पेट्या उघडल्या तर पोळ्यांच्या चौकटी मधानं जड. खरंच सांगतो, त्या मधात मला सावंतवाडीचं स्टेशन दिसत होतं.

आता माझ्या बापाची रीत ऐका, कारण सगळा घोळ तिथेच आहे. बाप म्हणायचा, मिरगाआधी सगळा मध काढून घ्यावा. एक थेंब ठेवू नये. का, तर पावसात आमच्याकडच्या सातेरी माश्या पेटीत राहतच नाहीत. फुलं नसतात, त्या उठतात आणि रानात निघून जातात. त्यांच्यासाठी ठेवलेला मध मुंग्या खातात. पेटी रिकामी झाली की बाप ती धुऊन आत मेण घासून ठेवायचा, आणि दसरा-दिवाळीला नवं मोहोळ आपसूक येऊन बसायचं. बोलवायला जायला लागायचं नाही. 'जातली ती येतली,' बाप म्हणायचा. आमच्याकडे सगळेच तसं करायचे.

मीही तसंच केलं. दोन्ही पेट्यांतलं सगळं कापलं. मलमलीच्या फडक्यात घालून पिळलं. माश्यांना चाटायलासुद्धा ठेवलं नाही. थोडा मध ठेवला असता तरी चाललं असतं, मामाला काही मापं माहीत नव्हती. पण मला बरण्या भरलेल्या दिसायला हव्या होत्या. जेवढा जास्त मध, तेवढं माझं जाणं पक्कं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

मामाने पहिल्या चमच्याला डोळे मिटले. म्हणाली, "बाबाने खायला हवा होता." आणि टेबलापाशी रडली. मीही उभ्या उभ्या रडलो, पण माझं रडणं वेगळं होतं. त्याच आठवड्यात तिने कागद केले आणि तिकीट काढलं. दहा जून. परतीचं नाही.

त्या शुक्रवारी मी बस पकडून फरवानियाला काशिनाथकडे गेलो. काशिनाथ शेजारच्या गावचा, एसी दुरुस्तीच्या कामावर. एका खोलीत सहाजण राहतात. तिकीट दाखवलं तर त्याने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "मेल्या, खरोखर जातंस? मग तुझी खाट माका." सगळे हसले. त्याने सुकट केली होती. पोटभर जेवलो. एकोणीस वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

जूनच्या दोन तारखेला माश्या पेटीबाहेर लोंबू लागल्या. मला वाटलं उकाड्यामुळे. पारा अठ्ठेचाळीसवर. तीन तारखेला पेटी उचलून बघितली तर रिकाम्या टोपलीएवढी हलकी. मनात पाल चुकचुकली, पण म्हटलं, जाऊ दे, जातील आता. रीतच आहे ती. मामा दोन दिवस समुद्रावरच्या घरी गेली होती.

चार तारखेला सकाळी नऊच्या सुमाराला पहिल्या पेटीतल्या माश्या उठल्या. मोठा आवाज झाला. मी पाइप टाकून बघायला लागलो. खरं सांगू, मला आनंद झाला. बापाची आठवण आली. माश्या वर गेल्या, कंपाउंडवरून पलीकडे गेल्या, एक फेरी मारली आणि परत आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. शेवटी खजुराच्या झाडाला, उन्हाच्या बाजूला, गोळा होऊन बसल्या.

मी वाट बघत राहिलो. रानात जातील म्हणून. मग मान वर केली आणि चारी बाजूंना बघितलं. भिंत, भिंतीपलीकडे घर, घरापलीकडे रस्ता, आणि त्यापलीकडे पांढरी पडलेली दुपार. रान कुठलं? अरे गाढवा, रान आहे कुठे? फूल नाही, ओहोळ नाही, झाडाची ढोली नाही. त्या खोक्यातून आल्या होत्या. त्यांना जायला जागाच नव्हती, आणि मी त्यांचं घरातलं अन्नसुद्धा काढून घेतलं होतं.

मी धावलो. म्हणजे गुडघ्यांनी जेवढं धावू दिलं तेवढं. शिडी आणली, ओलं पोतं आणलं, साखरेचं पाणी शिंपडलं. दुपारी एकपर्यंत त्या एकेक करून खाली पडल्या. झाडाखाली थर झाला. हातात घेतल्या तर काहींचे पाय हलत होते. मी तिथेच बसलो आणि मला उठता येईना.

संध्याकाळच्या आत मी सगळं झाडून सुपलीत भरलं आणि काकडीच्या वाफ्यात खड्डा करून पुरलं. पेटी बंद केली, वर वीट ठेवली. चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या पेटीत अजून जीव होता, पण किती दिवस, ते मला माहीत होतं.

काशिनाथला फोन केला. तो म्हणाला, "गप रव आणि विमानात बस. माश्यांका कोण मोजता? बाईक कळासर तू गावात भात लावतलंस."

त्याचं बरोबर होतं. मला फक्त सहा दिवस काढायचे होते. मामाला मी सांगितलं असतं, उन्हाळ्यात माश्या अशाच होतात. तिने विश्वास ठेवला असता, कारण माश्यांचं मलाच कळतं ना, सहा पेट्यांच्या वारसाला. आणि खरं सांगितलं तर? चिडली तर? कागद थांबवले तर? म्हणाली, माश्या मारल्यास, आता उन्हाळाभर राहा आणि उरलेल्या सांभाळ, तर? एकोणीस वर्षांनी दार उघडलं होतं, ते मी स्वतःच्या हातानं लावायचं?

रात्री डोळा लागला नाही. सकाळी मामा आली, खुर्चीवर बसली, आणि नेहमीसारखी पेटीकडे बघून काहीतरी बोलली. बंद पेटीकडे. ते मला बघवेना. बाईने नवऱ्याच्या गोष्टी मेलेल्या पेटीला सांगायच्या, आणि मी पाइप धरून उभा?

मी नळ बंद केला. म्हटलं, "मामा, ती पेटी मेली. मी मारली."

सगळं सांगितलं. मोडक्या अरबीत जेवढं जमलं तेवढं. बापाची रीत, सगळा मध काढला ते, खजुराचं झाड, काकडीचा वाफा. हेही सांगितलं की, मला घाई होती. मध आला की तू सोडणार होतीस, म्हणून मी त्यांच्यासाठी काही ठेवलं नाही.

मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती म्हणाली, "मी सोडणार होते? बुंदलीक, तुला मी धरलं कधी?"

मी म्हटलं, "मध टेबलावर आला की जा, असं तूच म्हणालीस."

"मी म्हणाले, कारण दरवर्षी तू थांबायला असंच काहीतरी निमित्त शोधतोस," मामा म्हणाली. "दर डिसेंबरात तू म्हणतोस, खलास, मी जातो. बाबा म्हणायचे, जा. मग तूच म्हणायचास, टोमॅटो संपू देत. मग म्हणालास, मुलीचं लग्न होऊ दे. मग म्हणालास, बाबा आजारी आहेत, आत्ता कसा जाऊ? बाबा मला म्हणायचे, ह्या माणसाला घरी जायची भीती वाटते, ह्याला काहीतरी काम देत राहा. म्हणून मी माश्यांचं काम दिलं."

ते खरं होतं. टोमॅटो मीच म्हणालो होतो. सगळं मीच म्हणालो होतो. नर्मदेला मात्र दरवेळी सांगितलं की, शेठ सोडत नाही. ती बिचारी शेठच्या नावानं बोटं मोडत राहिली, आणि शेठ इकडे मला जा म्हणत होता. मला माझीच शिसारी आली. दोन वर्षांतून दोन महिने जाणारा पाहुणा मी. गेलो की चांगल्या ताटात वाढतात, शेजारी भेटायला येतात, मुलगी माहेरी येते. पाहुणपण संपल्यावर त्या घरात मी कोण, हे मला माहीत नव्हतं, आणि ते शोधायची हिंमत नव्हती. एवढीच गोष्ट. ती लपवायला एकोणीस वर्षं आणि एक पेटी माश्या लागल्या.

मामा उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. पाच मिनिटांनी ती साखरेची दहा किलोची पिशवी ओढत बाहेर आली. कपाळावर आठ्या, चेहरा लाल. पिशवी माझ्या पायाशी टाकली आणि म्हणाली, "ह्याचं पाणी कसं करायचं ते दाखव. तू जाणार आहेस. मला आलं पाहिजे."

पाच दिवस आम्ही दोघांनी ती दुसरी पेटी सांभाळली. उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत हलवली, वर ओलं पोतं टाकलं. साखरेच्या पाण्यात काड्या टाकल्या, माश्या बुडू नयेत म्हणून. मामा स्वतः पातेलं ढवळायची आणि मला ओरडायची, "जास्त झालं का? कमी झालं का?" माझ्याशी एरवी फारसं बोलली नाही. रागावलीच होती, आणि तिचा हक्क होता. माश्या पाणी प्यायच्या. त्या सप्टेंबरपर्यंत टिकतील का, हे मला माहीत नाही. तिलाही नाही. रोज थोड्या मरत होत्या, पण पेटीचा आवाज बंद झाला नाही.

नऊ तारखेला सकाळी मळ्यात शेवटचं पाणी घातलं आणि नर्मदेला फोन लावला. तिकडे साडेआठ वाजले होते. कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"नर्मदा," मी म्हटलं, "उद्या निघतंय. परवा घराक पोचतंय."

"बरा," ती म्हणाली. "परत कधी जातलंस?"

"आता जावचंय नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे कायमचो येतंय."

मला वाटलं होतं, ओरडेल, किंवा हसेल, किंवा म्हणेल की चौथ्यांदा फसवू नको. तिने कुकर बंद केला. ते ऐकू आलं. मग अगदी हळू आवाजात, घाबरून म्हणाली, "काय झाला तुका? खरा सांग. डाक्टर काय म्हणालो?"

"काय्येक झाला नाय गो."

"माझ्यापासून लपयू नको. किती दिवस सांगल्यान?"

"नर्मदा, माका काय झाला नाय. तब्येत बरी असा. उगीच येतंय, घराक."

"उगीच कोण येता काय?" ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

मी नळाला टेकून उभा होतो. गावातली माणसं आखातातून कायमची परत येतात ती आजारी पडली की, नाहीतर मेल्यावर पेटीतून. ह्याखेरीज कोणी आलेला तिने बघितलाच नव्हता, आणि तिला ते शिकवणारा मीच.

"मी येतंय," एवढंच कसंबसं म्हटलं. "उगीचच येतंय गो."

ह्या वेळी नर्मदेने फोन ठेवला नाही.